आरोग्यप्रमुखांचे अखिल भारतीय संघटन : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाणी, सांडपाणी आणि स्वच्छता या सार्वजनिक आरोग्याच्या मूलभूत बाबी होत. भारतात त्यांची जबाबदारी प्रथम प्रांतांकडे व पुढे राज्यांकडे राहिली. साहजिकच प्रांतोप्रांतीच्या आरोग्यप्रमुखांना एकत्र आणणाऱ्या व्यासपीठाची गरज विसाव्या शतकाच्या आरंभी जाणवू लागली. प्रस्तुत लेखात या संघटनाच्या टप्प्यांचा मागोवा घेऊन पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या अनुभवावर ते पडताळून पाहिले आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

१८६४ मध्ये मुंबई इलाख्यात स्वच्छता आयोग नेमला गेला. पुढच्याच वर्षी बारामती व इंदापूर येथे नगरपालिका स्थापन झाल्या. खेड्यांसाठी १८८९ चा मुंबई ग्रामस्वच्छता अधिनियम आला. याच काळात, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, नीरा डावा कालवा खोदण्यात आला व १८८५ मध्ये त्याचे पाणी या अवर्षणप्रवण भागात खेळू लागले. उसाची शेती वाढली. परंतु निचऱ्याअभावी जमिनी पाणथळ व खारपड होऊ लागल्या. हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साचलेले पाणी हा केवळ शेतीचा प्रश्न नव्हता, तो हिवतापाचाही होता. मात्र कालवा एका खात्याकडे, जमीन दुसऱ्याकडे आणि आरोग्य तिसऱ्याकडे अशी विभागणी होती.

परिषदेपासून मंडळांपर्यंत

पहिली अखिल भारतीय स्वच्छता परिषद नोव्हेंबर १९११ मध्ये मुंबईत भरली. त्यानंतर १९१२ मध्ये मद्रास व १९१४ मध्ये लखनौ येथे परिषदा झाल्या. प्रांतांचे स्वच्छता आयुक्त, अभियंते व संशोधक यांना आपापले अनुभव एकमेकांसमोर मांडण्याची संधी यातून लाभली. महायुद्धामुळे ही मालिका खंडित झाली. १९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविला. त्यामुळे स्थानिक उत्तरदायित्व वाढले, पण मध्यवर्ती समन्वय क्षीण झाला. ही उणीव भरून काढण्यासाठी १९३७ मध्ये केंद्रीय आरोग्य सल्लागार मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर संविधानाने सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय राज्यसूचीत ठेवले आणि अनुच्छेद २६३ अन्वये १९५२ मध्ये केंद्रीय आरोग्य परिषद अस्तित्वात आली.

जलप्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला. राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये झाला व १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. १९७४ च्या केंद्रीय जल अधिनियमाने केंद्रीय मंडळावर राज्य मंडळांच्या कार्यात समन्वय साधण्याची व त्यांच्यातील वाद मिटविण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राने हा अधिनियम १९८१ मध्ये स्वीकारला.

मूल्यमापन

या वाटचालीत दोन बाबी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की, हे संघटन प्रामुख्याने शासनाच्या पुढाकाराने, वरून खाली घडत गेले. आरोग्याच्या व्यासपीठांचे स्वरूप सल्लागारी राहिले आणि प्रत्यक्ष गटारे व पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या नगरपालिकांना त्यांत दुय्यम स्थान मिळाले. दुसरी बाब म्हणजे, १९७४ नंतर आरोग्य आणि पर्यावरण यांच्या संस्था वेगळ्या वाटांनी गेल्या. आरोग्य परिषदेत मंत्री बसतात, तर प्रदूषण मंडळांचे अध्यक्ष निराळ्या बैठकीत भेटतात.

या विलगतेची झळ इंदापूरला विशेष जाणवते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा या तालुक्याला भिडतो. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेच्या प्रवाहातून तेथवर पोहोचते. शहराच्या मैल्याचा भार नदीकाठच्या गावांवर पडतो. परंतु त्या गावांचा आरोग्य अधिकारी शहराला जाब विचारू शकत नाही.

समारोप

१९११ च्या परिषदेमागील मूळ जाणीव, म्हणजे रोगाला प्रांताची सीमा नसते ही, आजही तितकीच खरी आहे. राज्यांच्या प्रमुखांचे संघटन आवश्यक आहेच. तथापि नदीखोऱ्यातील वरच्या व खालच्या गावांना, तसेच आरोग्य व पर्यावरण या दोन्ही यंत्रणांना एका बैठकीत आणल्याखेरीज ते परिणामकारक होणार नाही, हेच बारामती-इंदापूरच्या इतिहासावरून सूचित होते.