आजोबांची बढती

सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर उठणारी पिढी आता विरळ झाली. माझ्या लहानपणी मात्र दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून सारे फराळाला बसले, की आजोबांच्या बढतीची गोष्ट हटकून निघे. आजी ती सांगे आणि आजोबा मिशीत हसत.

आजोबा साचेवाले. १९४८ साली ते जॉबर झाले आणि चाळीत पेढे वाटले गेले. साचा बिघडला तर तो चालू करणे, गैरहजराच्या जागी बदली उभा करणे, कापडाला डाग पडला तर जाब देणे, सारे त्यांच्या माथी आले. पगाराच्या दिवशी पाहतात तो रक्कम जुनीच! आजी म्हणाली, "मान मोठा मिळाला हो, पण तो काही तव्यावर भाजता येत नाही."

वाचकहो, हे दुखणे फार जुने. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. काम वाढले तर दाम किती वाढावा, हा वाद गिरण्यांच्या पाठीशी लागलेलाच. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशा योजनांवरून १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. १९३७ साली प्रांतिक सरकारने जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ तिचे सभासद होते. ज्याचा पगार कमी त्याला वाढ अधिक, असे तिने १९३८ साली सुचविले. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने पगारात किंवा कामाच्या पद्धतीत बदल हवा असल्यास आधी नोटीस आणि मग बोलणी, अशी वाट घालून दिली.

पण आजोबा भिडस्त. शेवटी आजीनेच वही आणली. "पूर्वी काय करत होता ते डावीकडे लिहा, आता काय करता ते उजवीकडे." आठ दिवसांत उजवी बाजू भरून गेली. ती वही त्यांनी साहेबांपुढे ठेवली.

"दिवाळीनंतर पाहू," साहेब म्हणाले.

"बरं साहेब. मग साच्यांनाही सांगतो, दिवाळीनंतरच बिघडा!"

साहेब हसले. मागितले त्याच्या निम्मे मिळाले. उरलेले वर्षाने, असे लेखी ठरले.

वर्ष भरले आणि १९४९ च्या ऑगस्टात जुनी मिल बंद पडली. ती सरकारने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून ताब्यात घेतली. आजोबांची गिरणी निराळी, पण धास्ती साऱ्या गावालाच होती. हजारो घरांच्या चुली थंडावल्या असताना आपण वाढ कोणत्या तोंडाने मागायची? आजोबांनी वही ट्रंकेत ठेवून दिली. जुन्या मिलचा भोंगा पुन्हा ऐकू आला, तेव्हाच ती बाहेर काढली आणि उरलेले निम्मे घेतले.

यंदा माझ्या मुलीला पुण्यात बढती मिळाली. "बाबा, पगाराचं कसं विचारू?" म्हणाली. मी ट्रंक उघडली.