सातही वार भरलेले

पुण्यात आठवड्याच्या सातही वारांच्या नावाने पेठा आहेत. वेताळ पेठेची पुढे गुरुवार पेठ झाली आणि तोही वार सुटला नाही. पण या पेठांत राहणाऱ्यांचा दिनक्रम पेशवाईत आणि नंतरही बराच काळ वारापेक्षा तिथीवर चाले. वेदपाठशाळेला अनध्याय असे तो अष्टमीला, प्रतिपदेला, पौर्णिमा-अमावास्येला. उपास एकादशीचा, चतुर्थीचा. वाराकडे मुख्य कामे दोनच, देव आणि बाजार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि एक वार गावच्या आठवडी बाजाराचा. खेड्यातल्या कुटुंबाची सहल म्हणजे हा बाजारच. मीठ-मिरची, बांगड्या, भेळ, पाहुण्यांची गाठभेट आणि जमलीच तर सोयरीक, सगळे एका दिवसात उरकत असे.

शहरात शिकायला आलेल्या गरीब मुलांनी वाराला आणखी एक काम लावले. एका घरी सोमवार, दुसऱ्या घरी मंगळवार, असे सात घरी वार लावून ही मुले जेवत. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी माधुकरी मागायची, नाहीतर उपाशी झोपायचे. ज्या घरी वार असे, तिथल्या बाईच्या डोक्यातही आठवडा पक्का बसलेला असे. बुधवारी एक पान जास्त, मूठभर तांदूळ जास्त. आज फ्रिजवर चिकटवलेले वेळापत्रक तेव्हा कागदावर नव्हते, पण ते सांभाळणारी व्यक्ती तीच होती.

मुलीला कथक, मुलाला तबला, शनिवारी पोहणे, रविवारी ट्रेक, या धावपळीबद्दल हल्लीचे आईबाप तक्रार करतात तेव्हा हे सगळे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आले असे त्यांना वाटते. आठवडा भरायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती. त्यासाठी आधी एक दिवस रिकामा मिळावा लागला, आणि तो मिळाला भांडून.

इंग्रजी कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा आपल्याबरोबर रविवार घेऊन आल्या, त्यामुळे कारकून आणि मास्तर यांना तो आयता मिळाला. मुंबईच्या गिरणी कामगारांचे तसे नव्हते. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, आणि रविवारचेही काही तास यंत्रे पुसण्यात जात. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत होते, आणि गिरणीत नोकरी केल्यामुळे आतली परिस्थिती त्यांना ठाऊक होती. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. तेवढ्यासाठी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले.

मिळालेल्या रविवाराचे गिरणगावाने काय केले? बायकापोरे बहुतेकांची गावी असत. एका खोलीत एकाच गावची माणसे पाळीपाळीने झोपत. रविवारी गावकरी मंडळाची बैठक भरे, गावच्या देवळाची वर्गणी जमे, लिहिता येणाऱ्याकडून घरी पत्र लिहून घेतले जाई आणि रात्री भजनाला बसत. मटणाचा वार तोच. कुटुंब बरोबर असेल तर भायखळ्याची राणीची बाग चालत जाण्याइतकी जवळ होती. ही बाग १८६२ साली उघडली आणि मुंबईच्या चार-पाच पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ तिथेच पाहिला. ती बुधवारी बंद असते, हे मुंबईकर पोराला पाढ्यांच्या आधी पाठ. तिच्या जोडीला १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय आले, मलबार टेकडीवर म्हातारीचा बूट आला. पुण्यात १९५६ साली पेशवे पार्कात ‘फुलराणी’ धावू लागली. गाडी छोटी, रांग मोठी, आणि फेरी संपली की भोकाड पसरणारे एक तरी पोर ठरलेले.

एकट्यादुकट्या माणसाचा रविवार निराळा. पुण्या-मुंबईच्या खानावळींत रविवारी सकाळी ‘फीस्ट’ म्हणजे जिलबी किंवा श्रीखंड, आणि संध्याकाळी चूल बंद. दुपारी दोन वाजता आडवा हात मारून झोपलेला विद्यार्थी रात्री नऊला पाव शोधत फिरे. पैसेवाल्यांची सोय रेल्वेने केली होती. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आधी फक्त शनिवार-रविवारी धावत असे. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारी मंडळी त्यात बसत. आज तीच गाडी नोकरदारांना रोज नेते आणि आणते.

रविवार भरल्यावर उरलेल्या संध्याकाळींची पाळी आली. इथे मुख्य हात क्लासांचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत आणले. गाणे गुरूच्या घरी राहून, त्याची धुणी धुऊन शिकायचे, ही रीत त्यांनी मोडली. ठरलेली वेळ, ठरलेली फी, छापील पुस्तक, वर्ग आणि परीक्षा असा शाळेचा साचा त्यांनी गाण्याला दिला. त्यांच्यानंतर १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या घरोघरी बोलण्यात आल्या. ‘आमची मध्यमा झाली’ हे वाक्य मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पोह्यांइतकेच हमखास. कला म्हणून या पायऱ्यांबद्दल उस्तादांना काय वाटत असेल ते असो, पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी एकटीने घराबाहेर पडायला त्यांनी कारण दिले, आणि ही त्यांची कामगिरी विशारदच्या परीक्षेहून कमी नाही. गंमत अशी की १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षे टिकली, तरी क्लासांत पेटी वाजतच राहिली. एक पट्टी दाबून धरायची आणि ‘सा’ लावायचा, याला रेडिओची परवानगी लागत नव्हती.

गाण्याच्या मागोमाग बाकीचे आले. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या परीक्षा, थोरल्या भावाला टायपिंग. संध्याकाळी मैदान. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ काढले. मुंबईत महापालिकेने १९२५ मध्ये केलेल्या माहीम पार्कचे नाव दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहावरून शिवाजी पार्क झाले, आणि त्याच्या कडेने मल्लखांब, लेझीम, क्रिकेट यांचा एक अख्खा जिल्हा वसला. दादर-हिंदू कॉलनीतल्या मुलाला हे सगळे पायी जाण्याइतके जवळ होते. मोठ्या माणसाने सोडायला जावे लागत नसे. चाळीच्या गॅलरीतून हाक मारली की पुरे.

बायकांच्या दुपारीही याच काळात भरू लागल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. शिवण, लेखन-वाचन, परिचारिकेचे शिक्षण यासाठी तिथे बायका येऊ लागल्या. स्वतः रमाबाईंनी नवऱ्याच्या आग्रहाने शिकताना आणि सभांना जाताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा किती रोष सोसला, ते त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पुढे महिला मंडळ, भजनी मंडळ आणि भिशी आल्या. भिशीला छंद म्हणणे बायकांना आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी टाकून निघणारे नाव आणि त्यातून आलेला मिक्सर, असा तो चोख व्यवहार आहे. बटाटेवडे वरकड.

मग रेडिओने आठवड्याला पाढे शिकवले. दुपारी ‘वनिता मंडळ’, संध्याकाळी ‘कामगार सभा’, बुधवारी रात्री आठला सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीत रामायण’ सुरू झाले. दर आठवड्याला गदिमांचे एक नवे गीत, सुधीर फडक्यांची चाल, असे वर्षभर चालले आणि गीते झाली ५६. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. त्या संध्याकाळी पाहुणे आले तर त्यांनाही सतरंजीवर बसवून गप्प करायचे. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ने रविवारची सकाळही घेतली. साडेनऊला रस्ते ओस पडत. बाहेर पडण्यासाठी मिळालेला दिवस घरात बसण्यात जाऊ लागला, आणि फारशी कुणाची तक्रार नव्हती.

सुट्टीतली मुले मात्र नाटकाने बाहेर काढली. सुधा करमरकर अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ मध्ये साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी ‘मधुमंजिरी’ केले. लेखक रत्नाकर मतकरी. मतकरींनी पुढे १९६२ मध्ये स्वतःची बालनाट्य संस्था काढली, आणि ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण घराघरात पोचली. दिवाळी आणि मे महिना हे नाटकांचे हंगाम. सुलभा देशपांडे यांच्या चंद्रशाळेने तर मुलांनाच रंगमंचावर उभे केले. म्हणजे आता तालमीही आल्या, आणि तालमींना न्यायला-आणायला माणूस.

हे न्यायचे-आणायचे काम कधीपासून एवढे वाढले? शहर पसरले तेव्हापासून. दादर-गिरगावातली कुटुंबे उपनगरांत गेली, पण मैदान आणि क्लास जुन्या जागीच राहिले. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सचिन तेंडुलकरचे आहे. वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहणारा हा मुलगा १९८४ मध्ये थोरल्या भावाचा, अजितचा, हात धरून शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे आला. सकाळी सराव, मग सामना, संध्याकाळी पुन्हा सराव. स्टंपवर सरांनी ठेवलेले रुपयाचे नाणे बाद न होता टिकला तर त्याचे. वांद्र्याची शाळा सोडून त्याला शारदाश्रममध्ये घातले, तरी बसच्या प्रवासात जीव मेटाकुटीला येई. शेवटी तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. प्राध्यापक वडील, नोकरी करणारी आई, भावंडे, काका-काकू, असे अख्खे कुटुंब एका मुलाच्या सरावासाठी आपला आठवडा बदलत होते. नाणी त्याने जिंकली. पण ज्या मुलांना शिवाजी पार्कजवळ काकू नव्हती अशीही शेकडो मुले किटबॅग पाठीला लावून गर्दीच्या गाडीत लटकत होती, आणि त्यांच्या आया साडेपाचला उठून डबा भरत होत्या.

त्या आयांचा आठवडा बघायचा तर लोकलच्या महिला डब्यात जावे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पूर्ण महिलांसाठी गाडी सोडली. संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, ते संपले की शेजारणीच्याही पिशवीला हात लागतो. अंधेरी येईपर्यंत एकीची भाजी तयार, दुसरीचे हप्त्याने घेतलेल्या साडीचे पैसे चुकते, तिसरीला मुलीसाठी भरतनाट्यमच्या बाईंचा नंबर मिळालेला. नवरात्रात डबा सजतो, हळदीकुंकू होते. सहलही इथेच ठरते.

शनिवार मोकळा व्हायला मात्र बराच उशीर झाला. शाळांना तो अर्धा, सकाळचा. कचेऱ्यांचे वेगवेगळे. केंद्र सरकारचा आठवडा १९८५ मध्ये पाच दिवसांचा झाला, बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून सगळे शनिवार मिळाले, आणि त्या बदल्यात कचेरीची वेळ वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाली. रोजची ती पाऊण तासाची भर मुलांच्या क्लासच्या वेळेतूनच गेली. त्यामुळे संध्याकाळचे क्लास शनिवारी सरकले, शनिवारचे रविवारी, आणि सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये आता रविवारी सकाळी आठला बुद्धिबळ असते.

परदेशातही हेच लोण गेले. अमेरिकेत ठिकठिकाणच्या मराठी मंडळांच्या शाळा शनिवार-रविवारी भरतात. शिकवणारे पालकच, फुकट. अभ्यासक्रम बृहन्महाराष्ट्र मंडळाचा, त्याला पुण्याच्या भारती विद्यापीठाची साथ. सकाळी फुटबॉल, दुपारी बाराखडी, संध्याकाळी तबला. तबल्याचे गुरुजी कधी पुण्यात बसलेले असतात, त्यांच्याकडे तेव्हा सोमवारची पहाट उजाडत असते. आणि गांधर्वच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख दोन्हीकडे एकच.