निळीचा रांजण

पंचतंत्रातल्या निळ्या कोल्ह्याची गोष्ट आमच्या घरात कधी सरळ पुरी झाली नाही. चंडरव नावाचा कोल्हा कुत्र्यांना भिऊन रंगाऱ्याच्या घरात शिरतो, निळीच्या पिंपात पडतो आणि निळा होऊन बाहेर येतो, इथवर मी शाळेतून ऐकून आलेलं सांगितलं की आत्या हसायला लागायची. "निळा हून कसा भाईर यील गं? भाईर येताना पिवळा-हिरवा. येशीपर्यंत पळाला की मग निळा हुईल." हे मी गुरुजींना सांगितलं तर त्यांनी मला तासभर बाकावर उभं केलं.

खरं आत्याचंच होतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती आंबवावी लागते. आंबली की तिचा निळेपणा जातो, पिवळट-हिरवं पाणी होतं आणि त्या रूपातच ती सुतात शिरते. कापड बाहेर काढून झटकलं की वारा लागतो आणि डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं. पंचतंत्र सांगणाऱ्यानं रंगाऱ्याचं घर पाहिलं असेल, पण रांजणात हात घातला नसावा.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठचं. आळीला अजून रंगारआळीच म्हणतात, रंगवणारं घर मात्र आता आमचं एकच. परसात पाच रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. पुरायचं कारण साधं. दिवसा ऊन, रात्री गारठा, यानं आंबण बिघडतं. माती ऊब धरून ठेवते. गुळीच्या वड्या पाट्यावर पाणी घालून वाटायच्या, त्यात चुना घालायचा, टाकळ्याचं बी शिजवून त्याचा चिकट लगदा घालायचा. ते त्या आंबणाचं खाणं. मग सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि झाकायचं. पाण्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय धरली, ढवळल्यावर जांभळा फेस आला की रांजण लागला. वास असा की पाहुणे परसदारी जात नसत. चंद्रकळेचा काळा म्हणावा असा निळा यायला सूत आठ-दहा वेळा बुडवायचं, पिळायचं, वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं. आबांचे हात कोपरापर्यंत निळे होते. लग्नाच्या पंगतीत वाढायला त्यांना कुणी हाक मारत नसे. आजी हे सांगायची तेव्हा हसत नसे.

निळीच्या जोडीला घरात तांबडाही होता. तो आलीच्या मुळ्यांचा. आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड. वऱ्हाड-खानदेशाकडे त्याची लागवड व्हायची. तीनेक वर्षं झाड वाढवायचं आणि मग मुळ्यांसाठी खणून काढायचं, कारण रंग मुळीच्या सालीत. कापडाला आधी तेल आणि तुरटी पाजल्याशिवाय तो धरत नसे. लग्नाचा लाल वेगळा, करडईच्या फुलांचा, कुसुंबी. फुलातला पिवळा आधी धुऊन टाकायचा, मग खार घालून लाल सोडवायचा आणि लिंबाच्या रसानं कापडावर बसवायचा. दिसायला देखणा, पण धुण्यात टिकत नाही. आलीचा तांबडा मात्र कापड फाटेपर्यंत टिकतो. सोवळ्या विधवांना नेसवायचे त्या तांबड्या लुगड्याला आलवण म्हणत, ते या आलीवरूनच.

पणजीच्या सासूची एक आठवण घरात चालत आलेली आहे. बामणआळीतल्या एका मुलीचं कुसुंबी लुगडं आमच्याकडे रंगलं. मुलगी दहा-अकरा वर्षांची. दोन पावसाळ्यांनी त्याच घरचा गडी पांढरं कापड घेऊन आला, आलीत घालायला. सासूबाईंनी ते रंगवलं आणि मजुरी घेतली नाही. पुढे आलवणाची मजुरी न घ्यायची घरात रीतच पडली. पण रंगवायला नाही म्हटलं, असं कुणी कधी सांगितलं नाही. ते मलाही विचारायचं सुचलं नाही, आजी होती तोवर.

१८६८ मध्ये दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी, ग्रेबे आणि लीबरमान यांनी, मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत तयार केला. हा अलिझरीन डब्यातून हिंदुस्थानात आला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेतं मोडली. जे खोडायला तीन वर्षं आणि रंगवायला आठवडे लागत ते चार दिवसांत व्हायला लागलं. आल गेली, आलवण राहिलं. ते आता जर्मन रंगात होऊ लागलं इतकंच. प्रदर्शनात बायका माझ्या कापडावरून हात फिरवतात आणि म्हणतात, जुन्या रंगांत काय पावित्र्य होतं नाही! तेव्हा मला ते पांढरं कापड घेऊन आलेला गडी दिसतो.

निळीचं मरण थोडं उशिरा आलं. नीळ म्हटली की शाळेच्या पुस्तकात बंगालातला १८५९-६० चा शेतकऱ्यांचा उठाव आणि १९१७ चं चंपारण्य येतं. विघ्यातले तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे ही तिनकठियाची सक्ती, आणि तिच्याविरुद्ध गांधीजी. पण मधलं एक साल पुस्तकात नसतं. १८९७. त्या साली बी.ए.एस.एफ. या जर्मन कंपनीनं कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. चंपारण्याचे निळवाले साहेब आधीच बुडायला लागले होते. बुडताना त्यांनी तोट्याचा बोजा वाढीव खंडाच्या रूपानं कुळांच्या डोक्यावर टाकला. आमच्यासारख्या रंगाऱ्याला मात्र या नव्या गुळीचं वावडं नव्हतं. रांजण तोच, चुना तोच, वड्या तेवढ्या बदलल्या. आम्हाला मारलं ते गिरणीनं. सोलापुरात १८७७ मध्येच गिरणी उभी राहिली होती. रंगीत लुगडं दुकानात तयार मिळायला लागल्यावर सुताच्या लडी घेऊन आमच्या दारात कोण येणार?

आबांनी शेवटचा रांजण १९५८ च्या सुमारास उपसला. मी शहरात चित्रकलेच्या कॉलेजात असताना ही गोष्ट फार करुण करून सांगत असे. परंपरा संपली, म्हातारा रांजणाच्या काठावर बसून राहिला वगैरे. आत्यानं एकदा ते ऐकलं. "कोण बसलं हुतं? आबा खुशीत हुता. पुडीचा रंग आणला, चुलीवर पातेल्यात टाकला, तासात काम. म्हनला, सुटलो बाबा या घाणीतनं." सहा महिन्यांत हात पांढरे झाले आणि पुढच्या लगीनसराईत आबांनी पंगतीत बुंदी वाढली. आजीला त्याचं एवढं अप्रूप की कुणाचं लग्न, किती पानं, सगळं तिला पाठ.

मी गावी परत आले आणि रांजण धुऊन काढले तेव्हा चाळीस वर्षं त्यांत पावसाचं पाणी आणि शेरडांचा पाला साठत होता. पुस्तकं वाचून मी पहिला रांजण लावला. नासला. दुसराही. आत्या पडवीत बसून बघत होती. तिसऱ्या वेळी उठून आली, काठीचं टोक नाकाशी नेलं, मग बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. "चुना लई झालाय. उपाशी हाय ते. बी घाल." थंडीत रांजणाभोवती कोंडा आणि शेणाचा थर द्यायचा हे तिनंच दाखवलं. हे ती कधी शिकली, विचारलं तर गप्प झाली. बाईनं, आणि त्यातून विटाळशीनं, रांजणापाशी फिरकायचं नाही, नीळ बिघडते, असा घराचा कडक नेम. (हिंदी मुलखात तर नीळ बिघडली की रंगारी मुद्दाम खोटी आवई उठवत, म्हणजे ती सुधारते म्हणे. नीळ का माट बिगडना हा तिकडे वाक्प्रचारच आहे.)

पुढे एका दुपारी तीच म्हणाली, "आबा बाजाराला गेला की दोन-दोन दिस येत नसं. आईचं गुडघं धरलेलं. ढवळणार कोण? मीच." मी विचारलं, "आणि ते चार दिवस?" "त्याच चार दिसांत तर करायची. बाकीच्या येळी घरात काम असतंय, तवा भाईर बसलेलीच की मी. रांजण परसात, मी बी परसात." थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा बी बिघडला न्हाई. आबा म्हनायचा, आपल्या हाताला गुण हाय." हे तिनं साठ वर्षांची होईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

निळीसारखंच दुसरं काम मी करते ते अब्रीचं. शाळेची सहल गोलघुमटाला जायची, पण तिथे कुणी सांगितलं नाही की त्याच विजापुरात सतराव्या शतकात पाण्यावर रंग तरंगवून कागद रंगवत. हाडकुळ्या घोड्यावर बसलेला जोगी असं तिथलं एक अब्रीचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मी ते कापडावर करते. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून त्यांचा गुळगुळीत बुळबुळीत रस काढायचा, तो पसरट ट्रेमध्ये भरायचा, वर रंगाचे थेंब सोडायचे, काडीनं ओढायचे, आणि तुरटीत भिजवून वाळवलेलं कापड दोघींनी चार कोपरे धरून एका दमात टेकवायचं. मधे हवा राहिली की पांढरा डाग. रांजण चूक पोटात घेतो, पुन्हा बुडवता येतं. इथे दुसरी संधी नाही. उन्हाळ्यात मेथीचं पाणी दुसऱ्या दिवशीच नासतं, आणि तो वास निळीपेक्षा वाईट.

एका डिसेंबरात शहरातल्या एका दुकानाची साठ ओढण्यांची ऑर्डर होती. प्रत्येकीला चिठ्ठी लावायची, शुद्ध वनस्पती रंग, पारंपरिक पद्धत. थंडीनं रांजण झोपले ते उठेनात. तारीख आठ दिवसांवर. मी सोलापुरातून कारखान्याची गुळी आणि हायड्रोसची पिशवी आणली. हायड्रोस घातला की आंबवायला नको, अर्ध्या तासात पाणी हिरवं. दोन दिवसांत साठ ओढण्या निळ्या झाल्या. डोळ्यांनी फरक कुणाला कळणार नव्हता. कारखान्याच्या निळीचा रेणू आणि झाडाच्या निळीचा रेणू एकच असतो. मी चिठ्ठ्या ओवत बसले होते. आत्या शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणाली काय लिहिलंय वाच. वाचलं.

"निळं ते निळंच," ती म्हणाली. "पर चिठ्ठी खोटी कशाला?"

मला राग आला. तिनंच नाही का सगळा जन्म घराला फसवलं? बोलले नाही, पण तिला ते दिसलं असावं. "मी काम लपवलं. रंग न्हाई लपवला," म्हणाली आणि उठून गेली.

मी फोन केला. दुकानानं वीस ओढण्या चिठ्ठीशिवाय, कमी दरात घेतल्या. चाळीस राहिल्या. सुताचे पैसे उधारीचे होते, तेव्हा त्या गाठोड्यात बांधून मी रविवारच्या बाजारात, भांडीवाल्याशेजारी पोतं अंथरून बसले. रंग कशाचा, हे कुणीच विचारलं नाही. दुपारी एक बाई पाटी डोक्यावरून उतरवून खाली बसली, ओढणीचा काठ थुंकीनं ओला करून अंगठ्यानं चोळला आणि अंगठा बघितला.

"रंग जातो का?"

"पहिल्या दोन धुण्यांत थोडा जाईल. वेगळी धुवा."

तिनं एक लेकीला घेतली, आणि एक सुनेला.