कार ऑडिओ स्पर्धेसाठी सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर कसे निवडायचे? डब्यावरच्या ‘५००० वॅट’मागचं खरं गणित

अकोल्याची कावडयात्रा असो, अमरावतीतलं गणपती विसर्जन असो की गावातली वरात, वऱ्हाडात मोठा आवाज कोणाला नवा नाही. आता हा शौक कारच्या डिकीत आलाय. रील्समध्ये बासमुळे थरथरणाऱ्या काचा दिसल्या की अनेकांना वाटतं, आपणही गाडी सजवावी आणि स्पर्धेत उतरावं. मग दुकानात जाऊन डब्यावरचा सर्वात मोठा आकडा उचलला जातो. काही महिन्यांत कॉइल जळते, बॅटरी बसते किंवा वायर तापून गाडीच धोक्यात येते.

हे टाळायचं असेल तर खरेदीआधी थोडं गणित समजून घ्यावं लागतं.

आधी ठरवा, स्पर्धा कोणती?

कार ऑडिओच्या स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात.

पहिली ‘एसपीएल’, म्हणजे आवाजाचा दाब मोजणारी. गाडीत सेन्सर लावतात, दारं बंद करतात आणि काही सेकंदांत सर्वाधिक किती डेसिबल झाले ते बघतात. ‘डीबी ड्रॅग रेसिंग’ हे यातलं जगभर माहीत असलेलं नाव. वरच्या गटातल्या गाड्या १८० डेसिबलच्या आसपास जातात. त्या वेळी आत कोणीही बसत नाही, सिस्टिम बाहेरून चालवतात.

दुसरी ‘साउंड क्वालिटी’. इथे परीक्षक गाडीत बसून ऐकतात. गायकाचा आवाज समोरून येतो का, वाद्यं वेगळी ओळखू येतात का, इंजिनची घरघर स्पीकरमधून ऐकू येते का, यावर गुण मिळतात. युरोपातल्या ‘एम्मा’ या संस्थेच्या नियमांनुसार भारतातही अशा स्पर्धा झाल्या आहेत.

दोन्हींची खरेदी पूर्ण वेगळी असते. एसपीएलसाठी बांधलेली गाडी साउंड क्वालिटीत मागे पडते आणि उलटही तसंच. शिवाय सबची संख्या, आकार आणि पॉवर यावरून गट पडतात. म्हणून नियमावली आधी वाचायची, माल नंतर घ्यायचा.

डीजेचा स्पीकर कारमध्ये का चालत नाही?

ओळखीच्या डीजेवाल्याकडचा १८ इंची स्पीकर स्वस्तात मिळाला की तो डिकीत बसवायचा मोह होतो. पण तो उघड्या मैदानात, मोठ्या बॉक्समध्ये, मेन्सवरच्या अ‍ॅम्पसोबत वाजायला बनवलेला असतो. तो बहुतेक वेळा ८ ओहमचा असतो, तर कारचा अ‍ॅम्प १ ते ४ ओहमवर खरी ताकद देतो.

दुसरं कारण म्हणजे बंद गाडी स्वतःच बास वाढवते. आवाजाची अर्धी तरंगलांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली की दाब साचू लागतो. आतून अडीच मीटर लांब असलेल्या हॅचबॅकमध्ये हे साधारण ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. कारचा सबवूफर हा फायदा गृहीत धरून बनवलेला असतो. त्याचा कोन जास्त मागे-पुढे हलतो आणि छोट्या बॉक्समध्येही खालचे सूर देतो.

वॅट म्हणजे आरएमएस

‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ हा आकडा क्षणभराचा आणि बऱ्याचदा जाहिरातीचा असतो. सतत पेलता येणारी पॉवर म्हणजे आरएमएस. सब आणि अ‍ॅम्प या दोघांचा हाच आकडा जुळवायचा.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे ५०० चे १००० वॅट करायला जो खर्च येतो, तेवढाच फायदा ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी असलेला सब निवडून मिळतो. एकाऐवजी तसेच दोन सब लावले आणि एकूण पॉवरही दुप्पट केली, तर सुमारे ६ डेसिबल वाढतात.

ओहमची जोडणी

बहुतेक मोठ्या सबना दोन कॉइल असतात. २ ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर ४ ओहम, पॅरललमध्ये १ ओहम. ४ ओहमच्या दोन कॉइल असलेले दोन सब पूर्ण पॅरलल केले की तेही १ ओहम होतात.

अ‍ॅम्पच्या कागदावर तो किती ओहमपर्यंत स्थिर आहे ते दिलेलं असतं. २ ओहमच्या अ‍ॅम्पला १ ओहमचा लोड दिला तर तो प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा जळतो. म्हणून सब घेण्याआधी शेवटी किती ओहम होणार ते कागदावर मांडून बघा.

बॉक्स

बंद बॉक्सचा बास घट्ट आणि नेमका येतो, म्हणून साउंड क्वालिटीवाले तो जास्त वापरतात. १२ इंची सबला साधारण ३० लिटर जागा पुरते. पोर्ट असलेला बॉक्स मोठा लागतो, पण ट्यून केलेल्या सुराभोवती जास्त आवाज देतो. रोजच्या गाण्यांसाठी तो ३२ ते ३५ हर्ट्झला ट्यून करतात, एसपीएलसाठी त्याहून वर.

पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खालचे सूर गेले की कोन मोकाट हलतो आणि सब फुटू शकतो. त्यामुळे अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवावाच लागतो. लाकूड किमान १८ मिलिमीटरचं हवं. एमडीएफ स्वस्त पडतं, पण पाण्याने फुगतं. पावसाळ्यात डिकीत ओल येत असेल तर चांगलं प्लायवूड बरं.

बॅटरी ही टाकी, अल्टरनेटर ही बोअर

समजा अ‍ॅम्प १५०० वॅट आरएमएसचा आहे. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर त्याला १८७५ वॅट लागतात. १३.८ व्होल्टला भागलं की सुमारे १३६ अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर बऱ्याचदा ७० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यातला काही भाग एसी, हेडलाइट आणि इंजिनच खातं.

गाण्यात बास सतत नसतो, म्हणून सरासरी मागणी बरीच कमी असते. तरी फरक बॅटरीतूनच भरून निघतो. दुसरी बॅटरी लावणं म्हणजे टाकी मोठी करणं. बोअरचं पाणी तेवढंच असेल तर टाकी कितीही मोठी घेतली तरी कधीतरी रिकामी होणारच. काही सेकंदांच्या एसपीएल फेरीला टाकी पुरते, तासभर वाजवायला नाही. अल्टरनेटर बदलायचा नसेल तर छोट्या गाडीला ६०० ते ८०० वॅट आरएमएस आणि एक १२ इंची सब ही समजूतदार मर्यादा आहे.

आग लागते ती इथे

वरचे १३६ अँपिअर ५ मीटर तांब्याच्या ४ गेज वायरमधून नेले तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाटेत जातो. तो उष्णता बनतो. शून्य गेज म्हणजे ५३ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हाच तोटा ०.२२ व्होल्ट होतो. ‘सीसीए’ वायर, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, स्वस्त असते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज वायरला वाचवतो, अ‍ॅम्पला नाही. तो वारंवार उडतो म्हणून मोठा टाकला तर पुढच्या वेळी वायर जळते. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरला रबरी ग्रोमेट लावायला विसरू नका.

वऱ्हाडी उन्हाळा

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंशांच्याही पुढे. अशा वेळी अ‍ॅम्पची उष्णता बाहेर जायला जागाच उरत नाही. त्याला सीटखाली गाद्यांत कोंबू नका, चारी बाजूंनी मोकळी हवा ठेवा.

कॉइलचंही तसंच. तांबं २० अंशांवरून २०० अंशांवर तापलं की त्याचा रोध सुमारे ७० टक्के वाढतो. ४ ओहमची कॉइल ६.८ ची होते, पॉवर कमी ओढते आणि आवाज २ डेसिबलहून जास्त पडतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये सिस्टिम थंड होऊ देणाऱ्याला त्याच मालातून जास्त आकडा मिळतो.

कान, कायदा आणि विमा

अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. अकोला ते अमरावती हा सुमारे दोन तासांचा प्रवास धरला तर मर्यादा ९१ डेसिबल येते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटं आहे. हे आकडे कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेल्या मापाचे आहेत. ४० हर्ट्झचा बास त्यात सुमारे ३५ डेसिबल कमी दिसतो, म्हणून स्पर्धेचा आकडा थेट इथे लावता येत नाही. पण कानात शिट्टी वाजू लागली तर तो इशाराच समजायचा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्पर्धेची गाडी स्पर्धेच्या मैदानातच वाजवलेली बरी.

विम्याचंही बघा. कंपनीने दिलेल्या किमतीत नसलेलं इलेक्ट्रॉनिक सामान ‘आयएमटी २४’ या कलमाखाली जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवता येतं. नोंद नसेल तर चोरीनंतर त्या सामानाचे पैसे मागणं अवघड जातं.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे?

आधी नियमावली आणि गट. मग गाडीचा अल्टरनेटर किती देतो ते बघून अ‍ॅम्पची पॉवर. त्या आरएमएसला आणि ओहमला जुळणारा सब. त्या सबच्या कागदावरून मोजलेला बॉक्स. वायर, फ्यूज आणि अर्थिंग यांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवायचे, उरले तर बघू म्हणून नाही. बजेट कमी पडलं तर सब एक इंचाने लहान घ्या, वायर पातळ घेऊ नका.