बडोद्याची पेटी आणि आपले कपाट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फार तर एखादी पाककृती लिहून दिली असती. परंतु मागच्या सभेत आपल्या पुस्तकांच्या कपाटाचा विषय निघाला. पुस्तके कोणी नेत नाही, नव्यांसाठी पैसे नाहीत, तेव्हा ती रद्दीत द्यावी व त्या जागी शिवणयंत्र ठेवावे, असे काहीजणींचे म्हणणे पडले. निर्णय पुढच्या सभेवर टाकला आहे. त्या कपाटाची किल्ली गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. म्हणून सभेआधी एक जुनी हकीकत आपणापुढे ठेवावी, असे वाटले.

माझे आजोळ बडोद्याचे. सुटीत तेथे गेले की आजी मला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेई. तेथे पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा, म्हणून ही योजना. ती जमीन प्रथम पाहिली तेव्हा पाऊल टाकायची मला भीती वाटली होती. दिवा न लावता पुस्तकापर्यंत उजेड कसा जाईल, एवढा विचार कोणीतरी केला होता, हे मात्र मोठेपणी कळले.

हे ग्रंथालय उभे केले ते महाराज सयाजीराव गायकवाड यांनी. महाराज जन्माने आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. 1875 साली ते दत्तक गेले. पुढे 1906 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तकच आले नाही, तर शिकलेली अक्षरे तो विसरून जाणार. हे ओळखून त्यांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावले. ते 1913 पर्यंत बडोद्यास राहिले. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील पुस्तकांचा संग्रह लोकांसाठी दिला आणि मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले.

आता कोणी म्हणेल, ते राजे होते, आपल्याकडे काय आहे? मीही तसेच म्हणत असे. परंतु खेड्यापाड्यांत जे झाले ते केवळ राजाच्या पैशावर झाले नाही. गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने द्यावी, अशी तीन वाट्यांची रीत होती. पहिला वाटा गावाचा. त्यामुळे वाचनालय हे सरकारचे दान न राहता गावाचे झाले. 1939 साली महाराज वारले तोपर्यंत त्या संस्थानात हजारावर ग्रामवाचनालये झाली होती.

याच्याही आधी पेटलादकडचे एक शिक्षक, मोतीभाई अमीन, यांनी मित्रमंडळे काढून गावोगाव वाचनाची सोय चालविली होती. चार मित्रांनी थोडे थोडे पैसे घालायचे, वर्तमानपत्रे मागवायची आणि सर्वांनी वाचायची. पुढे संस्थानाने या मोतीभाईंनाच आपल्या ग्रंथालय खात्यात घेतले. आधी मंडळ, मग सरकार, हा क्रम मला फार आवडला.

जेथे वाचनालय काढण्याइतकी ऐपत नव्हती तेथे पेटी जाई. भक्कम लाकडी पेटी, तिच्यात साधारण पंधरा ते तीस पुस्तके. ने-आण करण्याचा खर्च खाते सोसत असे. एका गावाची वाचून झाली की पेटी परत येई व दुसरीकडे निघे. म्हणजे तीच पुस्तके दर वेळी नव्या माणसांना नवी होत. पुस्तके वाढविली नाहीत, त्यांना पाय दिले.

तिसरी गोष्ट माणसांची. पुस्तके कशी लावावी, कशी शोधावी, देवघेव कशी लिहावी, हे शिकविण्याचे वर्ग बडोद्यास 1911 साली सुरू झाले. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयांसंबंधी एक नियतकालिक निघाले, त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीही मजकूर असे. बायकांसाठी आणि मुलांसाठी निराळे विभाग केले.

पुढे मद्रासकडे डॉ. रंगनाथन यांनी या विषयाचे शास्त्रच केले. ते गणिताचे शिक्षक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगणारे पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. ज्याला जे हवे ते त्याला मिळाले पाहिजे. आणि वाचणाऱ्याचा वेळ फुकट जाता कामा नये. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीस बैलगाडीतून पुस्तके गावोगाव नेण्यास सुरुवात झाली.

हे सर्व वाचले आणि मला आपले कपाट आठवून लाज वाटली. कारण एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. चार घरी पोळ्या करणाऱ्या एक बाई एकदा सायंकाळी पुस्तक मागायला आल्या. कपाट उघडण्याची वेळ मंगळवारी तीन ते चार. त्या आल्या साडेचारला. अनामतीचे पन्नास रुपयेही त्यांच्याजवळ नव्हते. नियम म्हणजे नियम, असे म्हणून मी त्यांना परत पाठविले. किल्ली माझ्या कमरेलाच होती. त्या पुन्हा आल्या नाहीत. आणि सभेत मी सांगितले काय, तर बायकांना वाचनाची आवडच नाही!

भगिनींनो, मंगळवारी तीनला कोण मोकळी असते? कामाला जाणारी नसते, सून नसते, शाळेतील मुलगी तर नसतेच. मोकळ्या आपण दहा-बाराजणी, आणि त्यांची सारी पुस्तके केव्हाच वाचून झाली आहेत. पैसे थोडे हे खरे. पण दोष केवळ पैशाचा नाही, आपल्या व्यवस्थेचाही आहे. घरात डाळ थोडी असली म्हणून आपण चूल बंद करीत नाही, आमटी वाढविण्याची युक्ती करतो. येथेही तेच करायला हवे.

म्हणून माझी सूचना अशी. शिवणयंत्राला माझा विरोध नाही, कपाट भिंतीकडे सरकवले की दोन्ही मावतील. पुस्तकांच्या तीन पेट्या कराव्या. घरोघरी माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेट्या पडून आहेतच. एकेक पेटी एकेका आळीत, सायंकाळी ज्यांच्या घरी कोणी ना कोणी असते अशा घरी ठेवावी. दर तीन महिन्यांनी पेट्या बदलाव्या. अनामत रद्द करावी. वहीत नाव लिहिले की पुरे. नव्या पुस्तकांसाठी ज्या आळीने जेवढे जमविले तेवढेच मंडळाने घालावे.

काही पुस्तके हरवतील, हे मी आताच सांगून ठेवते. परंतु नऊ वर्षे कुलपात राहून निम्म्याहून अधिक पुस्तकांना कोणाचा हात लागला नाही. तीही एका अर्थी हरवलेलीच होती.

एक वर्ष हे करून पाहावे. नाही जमले तर पुढच्या वर्धापनदिनी मी स्वतः रद्दीवाल्याला हाक मारीन. पहिली पेटी मात्र माझ्याकडे द्यावी. ती घेऊन मला आधी त्या पोळ्यावाल्या बाईंच्या घरी जायचे आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— मंडळाची एक सभासद