काट्यापासून अंकांपर्यंत : हातातील मल्टिमीटर, विद्युतसुरक्षा आणि देवगडची दमट हवा

प्रस्तावना :

विद्युतमापनाच्या उपकरणांचा इतिहास बहुधा अचूकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. काट्याची जागा अंकांनी घेतली, मापनातील चूक घटली, किंमत उतरली, असा त्याचा ठरावीक क्रम असतो. याच उपकरणाच्या सुरक्षिततेचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला आहे. उपकरण अचूक झाले म्हणून ते हाताळणारा वायरमन आपोआप सुरक्षित झाला नाही. प्रस्तुत निबंधात हातात धरून वापरावयाच्या डिजिटल मल्टिमीटरचा विचार या अंगाने आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड या किनारी तालुक्याच्या संदर्भात केला आहे.

काट्याचा मीटर :

व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजण्यासाठी पूर्वी स्वतंत्र उपकरणे बाळगावी लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांनी या ओझ्याला कंटाळून तिन्ही मापने एका पेटीत आणली आणि १९२३ मध्ये ‘एव्हो’ मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. महाराष्ट्रात काट्याच्या मल्टिमीटरचे नाव नाशिकच्या मोटवाने कंपनीशी जोडले गेले. (याच घराण्यातील नानक मोटवानी यांच्यावर १९४२ च्या काँग्रेस रेडिओ प्रकरणात खटला भरला गेला व ते निर्दोष सुटले. मापनाच्या इतिहासाशी या घटनेचा थेट संबंध नसला तरी भारतीय विद्युत उपकरणांचा व्यवसाय राष्ट्रीय चळवळीपासून अलिप्त नव्हता, हे तीवरून दिसते.)

काट्याच्या मीटरचा एक गुण दुर्लक्षित राहिला आहे. त्यात झालेली चूक डोळ्यांना दिसे. पल्ला चुकला की काटा टोकावर जाऊन आपटे. चांगल्या मीटरमध्ये अतिभाराने कट-आउट खटकन् उडे. शिवाय हा मीटर मोजण्यासाठी परिपथातून थोडा प्रवाह स्वतः घेई. त्यामुळे शेजारच्या चालू तारेच्या प्रभावाने बंद तारेत उमटणारे खोटे व्होल्टेज त्याच्यापुढे टिकत नसे.

अंकांचा मीटर आणि शून्याचा प्रश्न :

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अँड्र्यू के यांनी डिजिटल व्होल्टमीटर तयार केला. तो टेबलावर ठेवण्याजोगा होता. हातात मावणारे डिजिटल मल्टिमीटर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. नाशिकमध्येच १९८२ साली स्थापन झालेल्या ऋषभ कंपनीनेही पुढे असे मीटर बनविले. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो. अचूकतेच्या दृष्टीने हा लाभच. परंतु त्यामुळे तुटलेल्या तारेवरही काही दशक व्होल्टचा आकडा उमटू शकतो. असा आभास निदान माणसाला सावध तरी करतो. त्याहून घातक उलटी चूक होय. निवडकळ डी.सी. वर राहिली, लीड आतून तुटलेली असली किंवा प्रोबचे टोक गंजलेल्या थरावर टेकले, तर २३० व्होल्टच्या जिवंत तारेवरही पडदा शून्य किंवा त्याच्या आसपासचा आकडा दाखवितो. हे शून्य खऱ्या शून्यासारखेच दिसते.

म्हणूनच तार बंद असल्याची खात्री करताना मीटर प्रथम ज्ञात चालू ठिकाणी तपासावा, मग अपेक्षित बंद तारेवर लावावा आणि लगेच पुन्हा ज्ञात चालू ठिकाणी तपासावा, अशी तीन टप्प्यांची रीत रूढ झाली. यातील तिसरा टप्पाच सर्रास गाळला जातो. वस्तुतः दुसऱ्या मापनाच्या वेळी मीटर शाबूत होता की नाही, हे तिसराच टप्पा सांगतो.

मानकातील खोली आणि देवगडची हवा :

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या १०१० (आताचे ६१०१०) या मानकाने १९९० च्या सुमारास विचाराची दिशा बदलली. किती व्होल्ट मोजावयाचे याबरोबरच ते कोठे मोजावयाचे, हा प्रश्न त्याने पुढे आणला. घरातील सॉकेट दुसऱ्या श्रेणीत, वितरण फलक तिसऱ्या श्रेणीत आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर चौथ्या श्रेणीत मोडते. वीज पडल्याने किंवा मोठा भार एकाएकी तुटल्याने येणारा क्षणिक दाबाचा लोट जितका स्रोताजवळ, तितका त्यामागील प्रवाह मोठा असतो. ६०० व्होल्टच्या तिसऱ्या श्रेणीतील मीटरने ६,००० व्होल्टचा असा लोट सोसला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. बाजारातील स्वस्त पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्राजवळ बहुधा ‘फ्यूज नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला असतो. लीड त्या छिद्रात राहून व्होल्टेज मोजले गेले, तर ते मापन नव्हे, शॉर्ट सर्किट होय. ऋषभच्या काही मीटरांत छिद्रांवर सरकती झडप असते, ती ही चूक घडूच देत नाही.

या मानकाने गृहीत धरलेली परिस्थिती देवगडच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बंदिस्त जागेतील वापर, आणि ३१ अंश सेल्सिअसपर्यंत कमाल ८० टक्के आर्द्रता, जी ४० अंशांस ५० टक्क्यांवर येते. देवगड-जामसंडे परिसरात पावसाळ्यात आर्द्रता ही मर्यादा नित्य ओलांडते आणि खारे वारे प्लास्टिकच्या पृष्ठभागावर मिठाचा थर चढवितात. ओलसर मीठ वीज वाहून नेते. मीटरवर छापलेली श्रेणी खोटी नसते. ती ज्या खोलीसाठी लिहिली आहे, ती खोली जुलै महिन्यात येथे नसते. बर्फाच्या कारखान्यात किंवा बंदरावर मीटर वापरण्यापूर्वी लीड व छिद्रे गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करणे, ही क्षुल्लक वाटणारी कृती येथे फ्यूजइतकीच महत्त्वाची ठरते.

वादळानंतरची तार :

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गातील वीजवाहिन्यांची मोठी हानी केली आणि अनेक गावे अंधारात राहिली. अशा काळात घरोघरी जनरेटर व इन्व्हर्टर चालतात. मुख्य स्विच बंद न करता जोडलेला जनरेटर उलट दिशेने वाहिनीत वीज सोडतो, आणि ती डीपीमधून उलटी गेली की ११,००० व्होल्टच्या बाजूलाही दाब उत्पन्न होऊ शकतो. सकाळी शून्य दाखविणारी तार दुपारी जिवंत असू शकते. १,००० व्होल्टपर्यंतचा हातातील मल्टिमीटर तर अशा उच्चदाब तारेस लावावयाचाच नसतो. तेथे लांब विद्युतरोधक दांड्यावरील दाबदर्शक लागतो.

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ३६ ने तारेस हात लावण्यापूर्वी अर्थिंग करून वा अन्य योग्य उपायाने ती निर्भार करण्याची आवश्यकता घातली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी या नियमांची जागा घेतली. लाइन टेस्टरचा उल्लेख १९५६ च्या नियमात आहे, पण तो हातमोजे, शिडी, सुरक्षा पट्टा यांच्या रांगेत, सोबत बाळगावयाच्या साधनांपैकी एक म्हणून. त्याने शून्य दाखविले म्हणून अर्थिंगमधून सूट नाही.