गोंगाटातील शब्द : कॉक्लिअर इम्प्लांटच्या इतिहासातील अपुरे प्रकरण

श्रवणशक्ती गमावलेल्या प्रौढ व्यक्तीला कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यानंतर शांत खोलीत समोरच्याचे वाक्य पुष्कळदा ओठांकडे न पाहताही कळते. तीच व्यक्ती रेल्वेच्या फलाटावर किंवा लग्नाच्या पंगतीत गेली, की तेच वाक्य हरवते. ही तफावत का उरली, याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासातच आहे.

1957 साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बधिर रुग्णाच्या श्रवणचेतेला विद्युत्-स्पंद दिले. रुग्णाला ध्वनीची लय जाणवली. मोजके शब्द वगळता बोलणे मात्र उमगले नाही. 1961 मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी या दिशेने शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांच्या एकाच वाहिनीच्या इम्प्लांटला 1984 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यातून ताल कळे, ओठवाचनाला आधार मिळे. निव्वळ ऐकून वाक्य समजणे विरळाच.

पुढचे पाऊल निसर्गाच्या रचनेनेच सुचवले. अंतर्कर्णातील कॉक्लिया ही गोगलगायीच्या शंखासारखी नलिका. तिच्या तोंडाशी उच्च वारंवारतेचे ध्वनी नोंदले जातात, तर आतल्या टोकाशी नीच वारंवारतेचे. म्हणून नलिकेत ओळीने अनेक इलेक्ट्रोड ठेवले, तर उच्च-नीच स्वरांचा भेद पोहोचवता येईल, हा विचार पुढे आला. व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग व एर्विन होखमायर यांनी 1977 मध्ये, तर मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी 1978 मध्ये बहुवाहिनी इम्प्लांट प्रत्यक्षात आणले. 1991 मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक नवी पद्धत मांडली. ध्वनीचे वारंवारतेनुसार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातील तीव्रतेचा केवळ चढउतार टिपायचा आणि त्यानुसार इलेक्ट्रोडना एकामागून एक स्पंद द्यायचे. दोन इलेक्ट्रोड एकाच क्षणी चालू नसल्याने त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. या बदलाने वाक्ये समजण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना 2013 मध्ये या क्षेत्रातील कार्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

मात्र या यशातच एक तडजोड होती. 1995 मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले, की प्राकृत श्रवण असलेल्या व्यक्तींना ध्वनीच्या अवघ्या चार पट्ट्यांतील चढउतारांवरूनही वाक्ये समजतात. हे शांततेत खरे आहे. भाषा आधी आत्मसात केलेल्या प्रौढाचा मेंदू स्मृतीच्या आधारे उरलेल्या जागा भरून काढतो. गोंगाटात मात्र आधी एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढावा लागतो. त्यासाठी आवाजाची पट्टी आणि दिशा यांची खूण हवी. ध्वनिलहरीची सूक्ष्म रचना वगळणाऱ्या या पद्धतीत पट्टीची खूण फार पुसट होते.

मग इलेक्ट्रोड वाढवले तर? येथे भौतिकी आड येते. प्राकृत कानात ध्वनी नोंदणाऱ्या आतील केशपेशी सुमारे 3,500 असतात. प्रचलित इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण 12 ते 22. कॉक्लियातील द्रव विद्युत्-वाहक असल्याने प्रत्येकाचा प्रवाह शेजारच्या तंतूंपर्यंत पसरतो आणि वाहिन्या परस्परांवर सांडतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इम्प्लांटधारकांचे गोंगाटातील आकलन सात-आठ वाहिन्यांनंतर फारसे वाढले नाही. प्राकृत श्रोत्यांचे मात्र 20 वाहिन्यांपर्यंत वाढत राहिले.

त्यामुळे सुधारणेचे अनेक प्रभावी मार्ग कॉक्लियाबाहेर शोधले गेले. बाह्य यंत्रातील दोन मायक्रोफोनांच्या संकेतांची सांगड घालून मागून येणारा आवाज दाबता येतो. अर्थात बोलणारा समोर असेल, तरच हे उपयोगी. वक्त्याच्या कपड्याला लावलेला छोटा बिनतारी मायक्रोफोन अंतराची अडचण दूर करतो. ज्यांच्यात नीच वारंवारतेचे श्रवण शिल्लक आहे, त्यांना इम्प्लांटसोबत श्रवणयंत्र दिल्यास आवाजाची पट्टी बऱ्याच अंशी परत मिळते. दुसऱ्या कानाचे महत्त्व तर फार आधी दिसले होते. 1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी एकाच व्यक्तीची दोन निवेदने मिसळून ऐकवली, तेव्हा श्रोत्यांना ती वेगळी करणे कष्टाचे गेले. तीच दोन कानांत स्वतंत्रपणे दिल्यावर एकाचा मागोवा सहज घेता आला. शिवाय दोन्ही कान ऐकते असले, तर डोक्याच्या आडोशामुळे एका कानाशी गोंगाट कमी पोहोचतो आणि मेंदूला तो कान वापरता येतो.

भारतात या मुद्द्याला धोरणाची बाजू आहे. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे समन्वयन करते. हे साहाय्य बालकांसाठी आहे आणि त्यामागचा विचार योग्यच आहे, कारण भाषा शिकण्याचे वय परत येत नाही. परंतु कमावत्या वयात श्रवण गमावलेली व्यक्ती त्याबाहेर राहते. एक इम्प्लांटच आवाक्याबाहेर असेल, तेथे दुसऱ्या कानाचा विचार चैनीचा ठरतो.

या इतिहासाचा बोध असा, की यश मोजण्याची जागा संशोधनाची दिशा ठरवते. शांत खोलीतील गुणांवर समाधान मानले गेले, तोवर गोंगाट हा अपवाद वाटत राहिला. भारतीय शिक्षकाला वर्गात, विक्रेत्याला बाजारात आणि आजोबांना भरल्या घरात ऐकायचे असते. त्यांची चाचणी त्यांच्याच भाषेत आणि गोंगाटासह व्हायला हवी. दुसऱ्या कानाची किंवा बिनतारी मायक्रोफोनची गरज ठरवायची, ती त्या चाचणीवरून.